‘नोटेशन सॉफ्टवेअर हँग होतंय?’ : फॉरवर्डमधले पाच उपाय आणि खानापूरचा एक लॅपटॉप

बेळगावातल्या पेटीवाल्यांच्या, भजनी मंडळांच्या आणि बँडवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘म्यूझस्कोअर, सिबेलियस, फिनाले स्लो झालंय? हे करा.’ ही तिन्ही संगणकावर स्वरलिपी लिहायची सॉफ्टवेअर. पुढे पाच उपाय: रॅम दुप्पट करा, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका, नवीन व्हर्जन जड, जुनंच वापरा, गाण्याचे शब्द मराठीत टाकू नका, रोमनमध्ये लिहा, आणि आवाज उशिरा येत असेल, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) वाजत नसेल तर तो बग (सॉफ्टवेअरमधला दोष) आहे, त्याला इलाज नाही. शेवटी जोडलेले हात आणि ‘सर्व कलाकारांपर्यंत पोहोचवा’. माझ्यापर्यंत तो सात वेळा पोहोचला.

मी शहापुरात पेटी शिकवतो आणि कुणी मागितलं तर चाल ऐकून स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवून देतो. या पाचांपैकी एकच उपाय अर्धा खरा आहे. बाकीच्यांनी लोकांचे पैसे आणि वेळ जातोय.

रॅमपासून सुरू करतो, कारण नुकसान तिथं जास्त. खानापूरचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. आठ जीबीचा, बऱ्यापैकी नवा. रॅमसाठी घरून पैसे मागून झाले होते. ‘सर, चालतंय खरं एक स्वर टाकला की अडकतंय बघा.’ त्याच्या फाइलला हात न लावता मी आधी नवीन कोरी फाइल उघडली, पेटी आणि आवाज अशा दोन ओळी घेतल्या, आठ-दहा स्वर टाकले. पटापट पडले. म्हणजे मशीनही ठीक, प्रोग्रामही ठीक. मग त्याची फाइल उघडली. अभंग, दोन आवाज, पेटी, तबला, व्हायोलिन. पाच ओळींच्या फाइलला उघडायला इतका वेळ? वाद्यांची यादी काढली तर खाली बॅसून, हॉर्न, टिंपनी, ट्रोम्बोन, सगळा लवाजमा! त्यानं सिम्फनी ऑर्केस्ट्राचा तयार साचा घेतला होता आणि नको त्या ओळी लपवल्या होत्या. लपवलेलं वाद्य म्हणजे काढलेलं वाद्य नव्हे. ते पानावर दिसत नाही, पण मिक्सरमध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज लावायच्या खिडकीत, हजर असतं, आणि आवाज म्यूझ साउंड्स या म्यूझस्कोअरच्या जड संचातले घेतले असतील तर ते मेमरीत जागा अडवतात.

फाइल दुसऱ्या नावानं सेव्ह केली, नको ती वाद्यं खरोखर काढून टाकली, आणि मिक्सरमध्ये उरलेल्यांना लिहिण्यापुरता एमएस बेसिक हा हलका आवाज दिला. जड आवाज शेवटी ऐकवण्यापुरते लावायचे. स्वर झटपट पडायला लागले. आणखी एक: तो चार्जर न लावता बसला होता. बॅटरी सेव्हर चालू असला की लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतो. आपल्याकडे वीज गेली की आपण तसेच काम करत बसतो आणि शिव्या सॉफ्टवेअरला घालतो.

रॅम कधीच लागत नाही असं नाही. फाइल उघडी असताना टास्क मॅनेजर बघा. मेमरी शंभर टक्क्यांच्या आसपास चिकटून असेल आणि डिस्क सारखी धडपडत असेल, तर जरूर घाला.

काढून पुन्हा टाकणं हा तर निव्वळ सोपस्कार. प्रोग्राम काढला तरी तुमच्या सेटिंग्ज बहुधा संगणकावर तशाच राहतात. नवीन प्रोग्राम येतो आणि तीच बिघडलेली सेटिंग उचलतो. म्यूझस्कोअरच्या हेल्प मेनूत फॅक्टरी सेटिंग्जवर परत जायची सोय आहे. शॉर्टकट आणि पॅलेट तुम्ही बदलले असतील तर ते जातात, फाइलींना धक्का लागत नाही.

अर्धं खरं ते जुन्या व्हर्जनचं. म्यूझस्कोअरचं ४ हे व्हर्जन डिसेंबर २०२२ मध्ये आलं, आणि दहा वर्षांच्या संगणकावर त्याआधीचं ३.६.२ खरंच हलकं चालतं. खरं मेसेज पुढचं सांगत नाही: ४ मध्ये सेव्ह केलेली फाइल ३ उघडत नाही. मागं जायचं तर म्यूझिकएक्सएमएल (वेगवेगळ्या नोटेशन प्रोग्राममध्ये उघडणारी फाइल) काढावी लागते आणि पानाची मांडणी थोडी विस्कटते. फिनालेवाल्यांचं दुखणं वेगळं. १९८८ पासून चालत आलेलं ते सॉफ्टवेअर पुढे विकसित करणं कंपनीनं ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवलं. आता त्यातला बग कुणी दुरुस्त करणार नाही. आज उघडतंय तोवर सगळ्या फाइली म्यूझिकएक्सएमएलमध्ये काढून ठेवा. आणि पेनड्राइव्हवरून आलेली तोडलेली कॉपी वापरत असाल, तर ती का बंद पडते ते मला विचारू नका.

चौथ्या मुद्द्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मराठीनं सॉफ्टवेअर स्लो होतं म्हणे! सीमाभागातल्या डीटीपीच्या दुकानात एकाच संगणकावर कन्नडसाठी नुडी आणि मराठीसाठी श्रीलिपी असते. तिथल्या जुन्या फाइलींत बऱ्याचदा अक्षरं युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तिथला अभंग कॉपी करून नोटेशनमध्ये टाकला की कचरा दिसणारच. तो बग नव्हे. युनिकोडमध्ये टाइप करा, विषय संपला.

शब्द स्वरांखाली तोडतानाही चूक होते. ‘विठ्ठल’ तीन स्वरांवर टाकायचा तर वि, ठ्ठ, ल असा तोडा. इंग्रजी सवयीनं ‘विठ्’ वर तोडलात तर पाय मोडलेला ठ लटकतो आणि लोक म्हणतात जोडाक्षर फुटलं. सा रे ग म अक्षरांत लिहायच्या भातखंडे पद्धतीतल्या खुणांचंही तेच. कोमलसाठी अक्षराखाली रेघ हवी म्हणून काही जण ड्रॉइंगच्या रेघा ओढत बसतात. पान हललं की रेघ एकीकडे, स्वर दुसरीकडे. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात वैदिक स्वरांची चिन्हं आहेतच. खालची आडवी रेघ कोमलला चालते, ग॒. वरची उभी रेघ तीव्र मध्यमाला, म॑. फॉन्टमध्ये ती असली की अक्षराला चिकटून राहतात.

आवाज उशिरा येतो तो बफरमुळे, म्हणजे वाजायच्या आधी आवाज थोडा थोडा साठवून ठेवायच्या जागेमुळे. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सहाच्या आसपास. फार कमी केला तर चरचर, वाढवला तर उशीर. आपल्या मशीनला झेपेल तो आकडा शोधायचा. ब्लूटूथ हेडफोन असेल तर आधी तो काढा, त्याचा उशीर दीडशे-दोनशे मिलिसेकंदांवर सहज जातो. मींडेचं म्हणाल तर स्टाफ नोटेशन तुटक स्वर लिहिण्यासाठी घडलं, प्लेबॅक तेच वाजवतो. मींड येत नाही म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीच बाहेर काढली होती, १९७१ पर्यंत. निदान पेटीवाल्यांनी तरी ही तक्रार करू नये.

खरे बग असतात. पण कोऱ्या फाइलमध्ये, फॅक्टरी सेटिंग्जवर, तेच तेच केल्यावर दर वेळी होतो, तोच बग म्हणून कळवायचा. खानापूरच्या पोराची एक तक्रार उरली होती: ध्रुवपदावर परत जाताना प्लेबॅक एक बार (दोन उभ्या रेघांमधला भाग) गाळतो. त्याला म्हटलं, तेवढेच चार बार कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिही. लिहिले, आणि नीट वाजले. मग त्यानं जुन्या फाइलमध्ये बोट ठेवून बार मोजले. रिपीटची खूण एक बार पुढे पडली होती.

‘होय की ओ,’ म्हणाला, आणि डिलीटवर हात गेला.