दोन भावांवर पीएचडी

सातवीतल्या एखाद्या मुलाच्या वहीत, 'आय हॅव' हवं तिथे, 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असं वाक्य दिसलं, तर हसू नका. जपून ठेवा. नीट पुरवून वापरलंत तर त्या एका वाक्यावर तुमची पीएचडी होईल, प्रमोशनपुरते पेपर निघतील आणि रिटायर झाल्यावर बीजभाषणांचीही सोय होईल. त्या दोन भावांचं पुढे काय झालं हे विचारायला तुम्हाला सवड मिळणार नाही. गाइडही विचारणार नाही.

पहिलं काम बारशाचं. वाक्य जुनं असलं तरी चालतं, नाव चालू हंगामातलं हवं. 1957 साली रॉबर्ट लॅडो या भाषाशास्त्रज्ञांनी सांगितलं की दोन भाषा शेजारी ठेवून ताडून पाहा, शिकणारा कुठे अडखळेल ते आधीच कळेल. तेव्हा आपलं वाक्य 'मातृभाषेचा हस्तक्षेप' होतं. 1967 मध्ये पिट कॉर्डर म्हणाले, चुकांवर रागावू नका, शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय त्याचा तो पुरावा आहे. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी त्याला 'आंतरभाषा', म्हणजे मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधलीच एक, असं म्हटलं, आणि कितीही घासली तरी न जाणारी चूक म्हणजे जीवाश्म, असंही सांगितलं. मग 1985 च्या आसपास ब्रज काचरूंची, इंग्रजी वापरणाऱ्या देशांची तीन वर्तुळं आली: आत इंग्लंड-अमेरिका वगैरे, त्याबाहेर भारत, नायजेरिया, सिंगापूर, आणि त्याही बाहेर चीन-जपान. दुसऱ्या वर्तुळात जागा मिळाल्याबरोबर आपलं वाक्य 'भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य' झालं. अठ्ठावीस वर्षांत एवढी बढती सरकारी नोकरीतही कुणाला मिळत नाही.

यातलं कुठलं नाव घ्यायचं? गाइडने स्वतःच्या थीसिसमध्ये घेतलं होतं तेच.

इथे एक धोका आहे. सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून एखादी पोरगी हात वर करते आणि विचारते, 'सर, मराठीत आपण मला दोन भाऊ आहेत असंच म्हणतो ना? असत आहेत असं तर कुणीच म्हणत नाही. मग हे हॅविंग मराठीतून कसं आलं?' प्रश्न बरोबर आहे, म्हणून ताबडतोब चहाची वेळ झाल्याचं जाहीर करा. कारण खोलात गेलात तर भलतंच हाती लागायचं. वर्गात महिनोन्‌महिने 'आय ॲम गोइंग, आय ॲम ईटिंग' घोकून घेतल्यावर पोरं दिसेल त्या क्रियापदाला 'इंग' चिकटवणारच. म्हणजे दोष मातृभाषेचा राहत नाही, शिकवण्याचा होतो. आणि तुमचं सॅम्पल मिळालेलं असतं शिक्षकांच्याच मेहरबानीवर.

सॅम्पलवरून आठवलं. झेडपीच्या शाळेत जायचं नाही. एसटी दिवसातून दोनदा, मुलं लाजतात, रेकॉर्डिंगमध्ये कोंबडा आरवतो. आपल्याच कॉलेजातल्या एफवायच्या मुलांना क्वेश्चनेअर वाटा. 'तुम्हाला इंग्रजी महत्त्वाची वाटते का?' पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत, पाच चौकोन. सगळे पूर्णपणे सहमत होतात. मग एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमधून तक्ते काढा आणि इंग्रजी महत्त्वाची वाटते असा निष्कर्ष काढा. राज्य सरकारने 2000 सालीच पहिलीपासून इंग्रजी सुरू केली आहे, त्यामुळे निष्कर्षाला विरोध होत नाही.

या बाबतीत भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांचा आदर्श ठेवू नका, फार महागात पडेल. त्याच 1957 साली त्यांनी न्यूयॉर्कच्या 'वर्ड' या नियतकालिकात 'मराठी इंग्लिश' या विषयावर लेख लिहिला. मराठी माणूस इंग्रजी बोलतो तेव्हा नेमकं काय होतं, याचा तो शोध होता. म्हणजे इंग्रजांच्या 'टी'ला आपला टणक ट कसा लागतो, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकाच व मध्ये कसे नांदतात, 'थिंक'मध्ये थालीपिठातला थ कसा येऊन बसतो, असल्या गोष्टी. त्यासाठी कान लागतो. कान बनायला वर्षं लागतात, आणि तुमच्या फेलोशिपची मुदत संपत आलेली असते. शिवाय त्या गृहस्थांनी भाषेविषयी मराठीतही गंभीरपणे लिहिलं, 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार मराठी पुस्तकालाच घेतला. हा तर सरळ आत्मघात. तुमचा पेपर मराठीत निघाला, तर ज्यांच्याविषयी तो आहे ते वाचतील. त्यांनी वाचला की शंका येतील. शंकांना प्रमोशनचे पॉइंट नसतात.

भारतीय इंग्रजीच्या स्वातंत्र्याविषयी मात्र हात आखडता घेऊ नका. प्रस्तावनेत मेकॉले हवेतच, 1835 सह, आणि पाठोपाठ 'प्रीपोन', म्हणजे 'पोस्टपोन'च्या उलटा, आपल्याकडे रुळलेला शब्द. 'प्रीपोन' नसलेला भारतीय इंग्रजीवरचा पेपर म्हणजे कोथिंबीर न घातलेले पोहे. मग 'इंग्लिश टुडे' या नियतकालिकातला वाद आणा. 1990 मध्ये ब्रिटिश व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क यांनी लिहिलं की प्रमाण इंग्रजी सोडून देशोदेशीच्या वाणांचे लाड केले तर नुकसान शिकणाऱ्याचंच होईल, आणि 1991 मध्ये काचरूंनी त्यांना खरपूस उत्तर दिलं. तुम्ही अर्थातच काचरूंच्या बाजूने. दोघांनीही वाद घातला तो एकाच, अगदी परीटघडीच्या प्रमाण इंग्रजीत, ही गोष्ट तळटीपेतसुद्धा आणू नका.

आणि स्वतःवर प्रयोग तर मुळीच करू नका. माझ्या ओळखीच्या एका उमेदवाराने केला होता. मराठीत 'अ, ॲन, द' नाहीत, तेव्हा आपल्या इंग्रजीतून ते गळणं स्वाभाविक आहे, असं त्याने तिसऱ्या प्रकरणात सिद्ध केलं आणि चौथ्या प्रकरणापासून स्वतःही गाळायला लागला. गाइडने हिरव्या पेनाने दर पानावर पाच-सहा 'द' घालून थीसिस परत पाठवला. तिसऱ्या प्रकरणाच्या समासात मात्र 'उत्तम' असा शेरा होता.

शेवटचं प्रकरण अध्यापनाचं. ते दोन दिवसांत उरकतं. 'शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, मुलांना बोलण्याची संधी द्यावी' एवढं पुरे. बंगळूर प्रकल्पाचा एक परिच्छेद टाका: एन. एस. प्रभू आणि सहकाऱ्यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांत व्याकरण बाजूला ठेवून मुलांना कोडी, नकाशे, वेळापत्रकं सोडवायला दिली, आणि भाषा त्यातून यावी असं पाहिलं. पाच वर्षं वर्गात उभं राहून केलेल्या कामाला पाच ओळी हा रास्त भाव आहे.

व्हायवा सुरळीत होईल. बाहेरून आलेले परीक्षक टायटलमधल्या कोलनविषयी एक प्रश्न विचारतील, मग जेवणाला जातील. नावाआधी डॉ. लागलं की मे महिन्यात तुम्हाला कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासायला, बोलावतील. पंखा गरगर आवाज करत असेल, समोर एफवायच्या कंपल्सरी इंग्लिशचा गठ्ठा. तिसऱ्याच उत्तरपत्रिकेत, 'माझं कुटुंब' या परिच्छेदात, ते येईल: 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.'

'हॅविंग'भोवती लाल गोल करा, अर्धा मार्क कापा, आणि शेजारच्या मॅडमना विचारा, यंदा पेपरमागे किती देणार आहेत.