मशीन थांबवा म्हणायची मोकळीक

रत्नागिरीत आंबा कॅनिंगमध्ये बरेच हंगाम काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. टीमचा एकमेकांवर भरवसा किती, हे बघायचं असेल तर वाईट बातमी किती लवकर कानावर येते ते बघा.

पिकलेला हापूस कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे मे महिन्यात रात्रपाळीलाही पल्पचे डबे झाकण बसवणाऱ्या सीमिंग मशीनवरून सरसर पुढे जात असतात. झाकणाची कड नीट दुमडली गेली नाही तर आत जंतू शिरतात आणि काही दिवसांनी डबा फुगतो. नुसत्या डोळ्यांना हा दोष पटकन दिसत नाही. एका रात्री डबे उचलणाऱ्या ताई ओरडल्या, "दादा, कड नखाला अडकतेय, मशीन थांबवा!" ऑपरेटरने आधी बटण दाबलं आणि मग विचारलं, काय झालं? हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. कड दुमडणारा रोलर सैल झाला होता. थोडे डबे बाजूला काढले, तेवढ्यावर भागलं.

आधीच्या एका कारखान्यात खराब डब्याचे पैसे पगारातून कापत. साहजिकच कुणी तोंड उघडत नसे. फुगलेले डबे थेट गोदामात सापडायचे आणि एक पाळी दुसरीकडे बोट दाखवायची. माणसं तिथलीही कामसूच होती.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज होता, पण नोंदी जास्त निघाल्या. तिथल्या नर्स चूक लपवत नव्हत्या, हे पुढे लक्षात आलं. गूगलने २०१२ पासून आपल्या सुमारे १८० टीम अभ्यासल्या, तिथेही न घाबरता बोलता येणं हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ठरली.

आपल्याकडे म्हणतात, सगळी एकाच वाडीतली माणसं, भरवसा असणारच. मला हे अजिबात पटत नाही. शिमग्यात पालखीवरून बिनसलेली दोन घरं पाळीतही एकमेकांशी बोलत नाहीत. हे मिटवायचं काम सुपरवायझरचं आहे, आणि ते हंगाम सुरू व्हायच्या आधीच व्हायला हवं.

मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पगारकपात बंद करा. डबे उचलणाऱ्या बाईलाही लाईन थांबवायचा हक्क आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा. आणि तिने विनाकारण थांबवली असं निघालं, तरी तिला कुणीही बोल लावू नये.