पाहुणा नेमका कधीपर्यंत?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातर्फे दोन वर्षं जर्मनीत काढून माणूस सांबऱ्याच्या विमानतळावर उतरतो, तेव्हा तो परत आलाय असं त्याला एकट्यालाच वाटतं. बाकी प्रत्येकाचा हिशेब निराळा.

बँकेच्या लेखी तो कायमचा आला त्या दिवसापासूनच रहिवासी. एनआरई, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं खातं लगेच साधं करून घ्यायचं, 'बघू गणपतीनंतर' चालत नाही. परकी चलन तसंच राखायचं असेल तर आरएफसी, म्हणजे रहिवाशाचं परकी चलनाचं खातं मागायचं, आणि काउंटरवर ही तीन अक्षरं दोनदा सांगायची तयारी ठेवायची. आयकरवाले मात्र दिवस मोजतात. एप्रिल ते मार्चमध्ये १८२ भरले की रहिवासी. आपण डिसेंबरात उतरलो, सुटलो, असं म्हणून हसू नये. त्या वर्षात ६० आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरी पुरतं. दोन वर्षांचा परदेशवासी बहुधा या दुसऱ्या फासात सापडतो. म्हणून तिकडे कर भरल्याचा कागद चॉकलेटच्या डब्यासारखा वाटून टाकायचा नसतो, तो दाखवूनच इकडे वजावट मागतात.

पण खरा छळ सिमकार्डाचा. ९० दिवस वापरलं नाही की ते बंद होऊ शकतं, आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळाला की तुमचा ओटीपी निपाणीतल्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. मग नवा नंबर जोडायला आधार केंद्रात बोटं टेकायची. लेथवर वर्षानुवर्षं घासलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. ओलसर फडक्यानं पुसावा, तरी नाही तर दुसरं बोट पुढे करावं. त्यात जुन्या पासपोर्टावर 'बेलगाम', २०१४ नंतरच्या कागदावर 'बेळगावी' आणि तोंडात 'बेळगाव'. कारकुनाला तिन्ही गावं वेगळी वाटली तर माझ्या मते त्याचा दोष नाही.

कामावर 'आमच्या तिकडे' हे शब्द दिवसाला एकदाच वापरावेत, तेही डबा खाताना. मिनिटामिनिटाची शिस्त गावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटाशी ताटकळताना आपोआप उतरते.

गल्लीचं कॅलेंडर सगळ्यांत कडक. पहिले आठ दिवस घरोघरी कुंदा, म्हणजे गावची खास मिठाई. नवव्या दिवशी कट्ट्यावरून काकू विचारतात, "किती दिवस हाईस रे?" चुकूनही 'कायमचा' म्हणू नये. लगेच आवाज खाली येतो, "नोकरी गेली काय?"

'रजेवर' म्हणावं आणि चालू लागावं.