माझा आवडता अग्निबाण

चौथीत असताना ‘माझा आवडता पक्षी’ या विषयावर पंधरा ओळी लिहून आणायला सांगितल्या, तेव्हा मी पोपटावर लिहिले, कारण मोर शेजारच्या बाकावरच्या मुलाने आधीच घेऊन टाकला होता. आवडता पक्षी हा आवडत असावा लागत नाही, तो ठरवून टाकायचा असतो, हे ज्ञान मला त्या वेळी झाले आणि त्याच्या जोरावर मी पुढे कॉलेज, नोकरी, ओहायोतले गाव आणि दोन गाड्या अशा बऱ्याच गोष्टी फारशी घासाघीस न करता ठरवत आलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मात्र आमच्या तळघरात अग्निबाणांच्या पाच संचांची चित्रे समोर मांडून बसलो आणि सलग तीन आठवडे मला पोपटसुद्धा ठरवता येईना.

अट हिची होती. “अहो, एकच आणायचा हं. तळघरात आधीच ट्रेडमिल आहे, तुमचे तबले आहेत आणि तो न उघडलेला टेंट आहे.” ट्रेडमिलवर सध्या चादरी वाळतात, ही गोष्ट मी त्या क्षणी काढली नाही.

ज्यांचा अग्निबाणांशी संबंध दिवाळीत बाटलीत उभ्या केलेल्या बाणापुरताच आला आहे, त्यांना यात निवडण्यासारखे काय असते असे वाटेल. आईलाही तेच वाटले. साताऱ्याहून फोनवर तिने एवढेच विचारले, “अरे, पण तो गेल्यावर मग काय करायचे?” दिवाळीचा बाण जातो आणि विषय संपतो, हा परत यावा लागतो. जाड कागदाची नळी, प्लायवुडचे किंवा बाल्सा लाकडाचे पंख, पुढे प्लॅस्टिकचे नाक आणि शेपटीकडे घन इंधनाची मोटर, असा त्याचा संसार असतो. मोटर दूरवरून विजेच्या तारेने पेटवतात. इंधन संपल्यानंतर काही सेकंद तो नुसत्या वेगाच्या भरात वर जात राहतो आणि मग मोटरच्या वरच्या टोकाकडून एक लहानसा बार होऊन नाक बाहेर फेकले जाते, त्यामागून छत्री उलगडते आणि सगळे बिऱ्हाड दोरीने एकमेकांना धरून खाली उतरते. मोटर बदलली की तोच बाण पुन्हा तयार. निदान पुस्तिकेत तरी तसे चित्र काढलेले असते.

मोटरींची ताकद इंग्रजी अक्षरांनी सांगतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराची मर्यादा मागच्याच्या दुप्पट असते, हा नियम माझ्या पगारवाढीला लागू झाला असता तर मी स्वतःचे प्रक्षेपण केंद्र काढले असते. सी म्हणजे दहा न्यूटन-सेकंदांपर्यंत (मोटरचा जोर गुणिले तो टिकतो तितके सेकंद), डी म्हणजे वीस, ई चाळीस, एफ ऐंशी आणि जी १६०. एच आले की परीक्षा येते. या छंदाच्या संघटनेच्या माणसासमोर बाण उडवून, धडधाकट परत आणून प्रमाणपत्र मिळवावे लागते. सीपर्यंतचे बाण शाळकरी मुले मैदानात उडवतात. मधले जे ई, एफ आणि जी, त्यांना मिड-पॉवर म्हणतात. बाणाचे वजन दीड किलोच्या आत आणि इंधन १२५ ग्रॅमच्या आत असेल, तर विमान वाहतूक खात्याची वेगळी परवानगी लागत नाही. परवाना नको, परीक्षा नको, आणि तरीही पोरखेळ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही! मध्यमवर्गीय मराठी माणसासाठी यापेक्षा योग्य श्रेणी कोणी मुद्दाम बसून केली असती तरी जमली नसती.

आता ते पाच. बिग डॅडी हा तीन इंच व्यासाचा आणि जेमतेम दीड फूट उंचीचा ढेरपोट्या गृहस्थ. त्याच्याकडे बघितले की जेवण झाल्यावर सोफ्यावर टेकलेल्या मामांची आठवण होते. इनिशिएटर हा प्लॅस्टिकचे पंख खटकन बसवून घेणारा व्यवहारी प्राणी, ज्याच्या पोटात गरम वायू निववायला धातूची जाळी असते, त्यामुळे दर वेळी छत्रीखाली न जळणारा कागद कोंबावा लागत नाही. लेव्हायथनचे नाव बायबलातल्या सागरी राक्षसाचे आणि अंगकाठीही त्याला साजेशी. चौथा लॉक प्रिसिजन कंपनीचा, जाड पुठ्ठ्याच्या नळीचा आणि प्लायवूडच्या पंखांचा, बैलगाडीसारखा मजबूत. पाचवा नाइकी स्मोक. त्याच्याविषयी मी मुद्दाम शेवटी सांगतो, कारण तो घ्यायचा हे मला पहिल्याच दिवशी कळले होते आणि पुढचे तीन आठवडे मी ते स्वतःपासून लपवण्यात घालवले.

लपवण्यासाठी मी तक्ता केला. तक्त्यात अकरा रकाने होते: व्यास, लांबी, रिकामे वजन, मोटरच्या नळीचे माप, पंख नळीला नुसते चिकटवायचे की खाचेतून आत घालून मोटरच्या नळीपर्यंत न्यायचे, छत्री कापडी की प्लॅस्टिकची, असे करत करत शेवटचा रकाना ‘गाडीच्या डिकीत मावतो का’. प्रत्येकाला गुण दिले आणि बेरीज केली, तेव्हा इनिशिएटर पहिला आला. मला ते पटले नाही, म्हणून मी ‘ऐतिहासिक महत्त्व’ असा बारावा रकाना घातला आणि त्याला दुप्पट भार दिला. ही मागे उभी राहून बघत होती. “फ्रिज घेताना तुम्ही दुकानात पाच मिनिटांत हो म्हणालात,” ती म्हणाली, “आणि त्याचा दरवाजा उलट्या बाजूने उघडतो हे घरी आल्यावर कळले.” यावर मी तिला सांगितले, की ज्या माणसाने हे असले बाण पहिल्यांदा घडवले, तो नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाइल, पायातल्या जोड्यांचा दुकानदार होता; छंदाला मर्यादा नसते. “त्याच्या बायकोचे काय म्हणणे होते?” हा प्रश्न इतिहासाने अनुत्तरित ठेवला आहे.

तक्त्याचा निकाल लागेना, तेव्हा मी आमच्या क्लबातल्या एका निवृत्त यंत्रकामगार आजोबांना फोन केला. मी अकरा, म्हणजे आता बारा, रकाने वाचून दाखवेपर्यंत त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “यातला कोणता हरवला तर तू सगळ्यात कमी रडशील?” मी प्रामाणिकपणे सांगितले, की बिग डॅडी. “मग तो घे,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. सल्ला मागून तो न ऐकणे ही आपली जुनी परंपरा असल्यामुळे मी त्याच रात्री नाइकी स्मोक मागवला.

खरा नाइकी स्मोक हा नाइकी क्षेपणास्त्राचा खालचा टप्पा घेऊन, त्यावर लांबलचक शंकूसारखे नाक बसवून केलेला बाण. १९६०च्या दशकात नासा तो उडवून आकाशात धुराची रेघ ओढत असे आणि ती रेघ वाऱ्याने कशी वाकते याचे फोटो घेऊन वरच्या थरातला वारा मोजत असे. माझ्या जिवाला लागलेली गोष्ट पुढची आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबाहून आपल्या देशातून पहिला शास्त्रीय अग्निबाण उडाला, तो नाइकी-अपाची. म्हणजे त्याचाही खालचा टप्पा हाच नाइकी. त्या थुंबातला, सायकलवरून बाणाचे नाक वाहून नेणाऱ्या माणसांचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. ज्या घराण्यातला बाण चर्चच्या आवारातल्या कचेरीत आणि सायकलच्या कॅरिअरवर संसार थाटून वर गेला, त्याच्याशी प्लॅस्टिकचे पंख खटकन बसवणाऱ्याची तुलना मी काय म्हणून करायची?

खोके आले आणि मी जोडणीला बसलो. पंख खाचेतून आत नेऊन चिकटवल्यावर, पंख आणि नळी यांच्या कोनात इपॉक्सी नावाच्या डिंकाची गोल किनार भरायची असते. तिच्यावर सगळी ताकद. या इपॉक्सीचे दोन भाग समसमान घेऊन कालवायचे असतात, आणि कालवायला मला तळघरात काही सापडेना, म्हणून मी स्वयंपाकघरातून एक वाटी उचलली. जुनी, जड, स्टीलची आमटीची वाटी. चार पंखांच्या आठ किनारी एकदमच भराव्यात, असा विचार करून मी वाटीभर मिश्रण कालवले. इपॉक्सी जितकी जास्त आणि एका ठिकाणी, तितकी ती स्वतःच तापते आणि तापली की लवकर आवळते, हे मला पुस्तकातून माहीत होते. हाताला माहीत नव्हते. पहिली किनार मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोटाने इतकी सुंदर ओढली, की तिच्यात दिव्याचे प्रतिबिंब दिसत होते. दुसरीच्या मध्यावर वाटी हाताला चटका देऊ लागली. तिसरीच्या वेळी वाटीतून धूर निघाला आणि तीस मिनिटांची म्हणून विकत घेतलेली इपॉक्सी अकराव्या मिनिटाला वाटीत मधाच्या रंगाच्या दगडासारखी बसली, आत माझी आइस्क्रीमची काडी उभी. तेव्हा वाटी उजेडात धरली आणि कडेवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले हिच्या आजीचे नाव दिसले.

वाटी मी सध्यापुरती अग्निबाणाच्या सामानाच्या पेटीत ठेवली. काडी धरून उचलता येत असल्यामुळे ती प्रज्वलकांच्या तारा ठेवायला सोयीची होती, हे नाकारता येणार नाही.

पुढच्या चार रात्री मी बेताबेताने कालवून उरलेल्या किनारी भरल्या, पण घाबरून प्रत्येक किनार थोडी जास्तच भरली. बाण स्थिर उडायचा तर त्याचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, नळीच्या निदान एका व्यासाएवढा असावा लागतो. माझ्या इपॉक्सीने तो मागे ओढला होता. म्हणून नाकात माती भरली. मातीने वजन वाढले. वजन वाढले म्हणून एफ १५ मोटर पुरेना. मोटरचा जोर बाणाच्या वजनाच्या पाचपट असावा असा ढोबळ नियम आहे आणि पंधरा न्यूटनांत ते गणित बसेना. म्हणून जी ४०-७ घेतली, म्हणजे जी वर्गाची, सरासरी चाळीस न्यूटन जोराची आणि इंधन संपल्यावर सात सेकंदांनी छत्री सोडणारी. ती जड, आणि ती शेपटीकडे बसते. म्हणून आणखी माती. शेवटी मोटरसकट बाण ८१५ ग्रॅम भरला, आणि गणित पाचपटीवर जेमतेम टेकले. त्या रात्री सात तास सलग झोप लागली.

रंगाच्या बाबतीत ही म्हणाली, “भगवा द्या. लांबून दिसेल.” मी म्हणालो, की गॅरेजमध्ये अर्धा डबा गर्द हिरवा आहे आणि तो वाया जाईल. एवढ्या खर्चानंतर चार डॉलर वाचवण्याची ही ऊर्मी कुठून येते, हे मला अजून कळलेले नाही. मात्र जड बाण अलगद उतरावा म्हणून छत्री मी दोन फुटी ऐवजी तीन फुटी, केशरी, नायलॉनची घेतली. तेवढाच तिचा शब्द राखला असे मला वाटले.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही लॉनचे गवत पिकवणाऱ्या एका शेतावर गेलो. शेत चहूकडे सपाट, आणि पूर्वेला त्याची हद्द संपते तिथे पुरुषभर उंचीचा मका. सुरक्षा अधिकाऱ्याने बाण हातात घेऊन पंख हलवून पाहिले, नाक ओढून पाहिले, किनारींवरून बोट फिरवले आणि म्हणाला, “हा पडला तर जमीन फुटेल.” मी आभार मानले. मुलीने तीस फुटांवरून बटण धरले, पाचपासून उलटे आकडे मोजले आणि बाण पांढऱ्याशुभ्र धुरावर असा उठला, की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बिग डॅडी, लेव्हायथन, बारा रकाने, काही आठवले नाही. सुमारे अकराशे फुटांवर एक ठिपका, मग लहानसा फट् असा आवाज, आणि केशरी छत्री उघडली. टाळ्या झाल्या.

टाळ्या संपल्या तरी छत्री वरच होती. दोन फुटी छत्रीवर तो एव्हाना गवतावर आला असता. तीन फुटी छत्रीवर तो साडेतीनशे मीटर पूर्वेकडे सावकाश, अगदी अदबीने गेला आणि मक्यात उतरला. आजोबांनी माझ्याकडे पाहिले. बोलले काही नाहीत.

अमेरिकेतल्या मक्याच्या दोन ओळींत तीस इंचांचे अंतर असते, हे मी आता पुस्तकातून नव्हे तर खांद्यांवरून सांगू शकतो. पाने कोपरांना कापत होती, साताऱ्याच्या आजोळी ज्वारीत कापायची तशीच. वर पाहिले तर नुसते तुरे, समोर पाहिले तर हिरवे, आणि माझा बाण गर्द हिरवा. “बाबा, खाली वाकून ओळीतून बघा,” असे मुलगी शेजारच्या ओळीतून ओरडली, म्हणून मी वाकलो आणि वीस पावलांवर काहीतरी लाल दिसले. लाल काय असेल म्हणून रांगत गेलो. तीन इंच व्यासाचा, जेमतेम दीड फुटाचा, पावसाने नळी फुगलेला, एक पंख गळालेला, धन्याचे नाव आणि फोन धुऊन गेलेला एक बिग डॅडी मातीत नाक खुपसून पडला होता. किती दिवसांपासून, देव जाणे. मी तिथेच मांडी घालून बसलो आणि उरलेल्यांतल्या एका पंखाची रुंदी बोटांनी मोजली. चार बोटे.

“बाबा, सापडला!” मुलगी तिकडून ओरडत होती, तिला तुऱ्यावर अडकलेली केशरी छत्री दिसली होती. आजोबांनी बिग डॅडीची क्लबात चौकशी केली. कोणीच आपला म्हणेना.

घरी दारातच हिने दोन्ही बाण पाहिले. “एकच म्हणाले होते ना मी?” मी सांगितले, की हा विकत घेतलेला नाही, हा अनाथ आहे. यावर ती हसली, आणि मला वाटले निभावले. मग, आणखी कोणी अनाथ लपवले आहेत की काय ते पाहायला तिने पेटीचे झाकण उघडले, काडीला धरून वाटी वर उचलली आणि खिडकीच्या उजेडात फिरवून कडेवरचे नाव सावकाश वाचले.