साखर उतरली आणि डोळा? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंय, "आधी साखर उतरवा म्हणून मागे लागायचं, उतरली की डोळे जातील म्हणायचं. तुमचा लेख वाचून आईने मधुमेहावरचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन परस्पर बंद केलं. जबाबदार कोण?"

मथळ्यापुरती तरी मी. 'इंजेक्शनमुळे डोळ्यांना धोका' हे भडक झालं, आजच बदलतेय. लेख मात्र काढणार नाही.

२०१६ साली छापून आलेल्या, याच औषधाच्या 'सस्टेन-६' चाचणीतले दोन आकडे मी दिले होते. ३,२९७ मधुमेही, दोन वर्षं. डोळ्याच्या पडद्याची (रेटिनाची) गुंतागुंत औषधाच्या गटात ५० जणांना, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत २९ जणांना. तिसरा आकडा दिला नाही, तिथे खरं चुकलं. या ७९ पैकी ६६ जणांचा पडदा चाचणीत शिरतानाच बिघडलेला होता. आणि पक्षाघाताचे झटके औषधाच्या गटातच कमी आले, हेही सांगायला हवं होतं.

साखर झपाट्याने खाली आली की आधीच गळक्या झालेल्या केशवाहिन्या काही महिने आणखी बिघडू शकतात. याला हे इंजेक्शनच लागतं असं नाही. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवरच्या 'डीसीसीटी' या चाचणीत, म्हणजे १९९३ सालीच, नुसत्या इन्सुलिनने हे दिसलं होतं. गंमत म्हणजे सरासरी साडेसहा वर्षांनी पाहिलं, तर साखर काटेकोर ठेवलेल्यांचेच पडदे कितीतरी बरे होते.

आता तुमचा दुसरा मुद्दा: आई पेपर घडाघडा वाचते, मग पडदा कशाला तपासायचा? मागच्याच आठवड्यात एका काकांनी तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता वाचली, वर "झालं ना?" म्हणून उठायलाही लागले. थेंब टाकून बाहुली मोठी केली, तर आत जागोजागी रक्ताचे ठिपके आणि कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे डाग. पडद्याचा मध्यभाग तेवढा अजून कोरडा होता, म्हणून अक्षरं दिसत होती.

आईंना जुन्याच डोसने परत सुरू करू देऊ नका. मध्ये काही आठवडे खंड पडलाय, तेव्हा कुठल्या डोसपासून घ्यायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. त्याआधी थेंब टाकून पडदा तपासून घ्या आणि तो रिपोर्ट त्यांच्या हातात द्या. थेंबांनंतर काही तास उन्हात डोळे दिपतात. गॉगल न्या आणि त्यांना एकटीला पाठवू नका.