पावागडावरचा एकच टॉवर बडोद्याला का पुरणार नाही

बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्या वायरलेससाठी एकेका शहरात पाच-सहा टॉवर उभारणे ही जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे, पावागडासारख्या डोंगरावर एकच शक्तिशाली टॉवर उभारला तर सगळा जिल्हा त्याच्या कक्षेत येईल, अनेक टॉवरांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलणे शक्यच नाही, कारण लहरी एकमेकींना मारतात, रेंजच्या सगळ्या काड्या दिसत असूनही आवाज फाटतो तो निकृष्ट सेटांमुळे, टॉवर वाढले की किरणोत्सार वाढतो, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना वायरलेस हवाच कशाला? ज्या शहरात विश्वामित्री नदी दर काही वर्षांनी लोकांच्या घरात शिरते, त्या शहरात असा मजकूर खरा मानला जाणे मला धोक्याचे वाटते. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

उंचीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे. पावागड समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि बडोदे जेमतेम ४० मीटरवर. एवढ्या उंचीवरून रेडिओचे क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे जाते, आणि नकाशावर कंपास फिरवला तर आणंद, गोध्रा, बडोदे सगळे त्या वर्तुळात बसते. तालुक्यांच्या मोकळ्या भागात गस्तीच्या गाड्यांशी बोलायला किंवा दोन जिल्ह्यांची केंद्रे जोडायला अशी जागा खरोखरच मोलाची असते. पण क्षितिजाच्या आत असणे वेगळे आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत किंवा अलकापुरीतल्या व्यापारी संकुलाच्या तळघरात शब्द न् शब्द कळणे वेगळे. डोंगरापासून शहर सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरावरून ८०० मीटरांची उंची आकाशात एक अंशाहून थोडी जास्त भरते. म्हणजे डोंगरावरून येणारी लहर शहरावर वरून पडत नाही. ती जवळजवळ आडवी येते आणि प्रत्येक इमारतीमागे तिची सावली पडते. शहरातल्या ३० मीटर उंच टॉवरचा कोनही काही फार मोठा नसतो, हे मान्य करायला हवे. फरक असा की तो जवळ असतो. चार किलोमीटरवरच्या टॉवरच्या तुलनेत ४० किलोमीटरवरून येणारी शक्ती, वाटेत एकही अडथळा नसला तरी, शंभरावा हिस्सा उरते. जाड काँक्रीटच्या इमारतीत शिरताना ती पुन्हा शंभरपट घटू शकते. जवळच्या टॉवरकडे हा दुसरा फटका सोसण्याइतकी शिल्लक असते, डोंगरावरच्या टॉवरकडे नसते. शिवाय शहराच्या दोन-तीन बाजूंना टॉवर असले, तर एकाची सावली पडते तिथे दुसऱ्याची लहर पोहोचते.

मग शक्ती वाढवा, असे संदेश म्हणतो. मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करायला चौपट शक्ती लागते. इमारतींनी भरलेल्या शहरात त्याच कामाला साधारण दहा ते सोळापट लागते. ५० वॅटचा ट्रान्समीटर काढून १०० वॅटचा बसवला, तर शहरातला पल्ला वाढतो तो फक्त पाचव्या हिश्श्याच्या आसपास. उलट शेजारच्या जिल्ह्यांत मात्र तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही, कारण डोंगरावरचा आवाज तिथे नको असतानाही पोहोचतो. फ्रिक्वेन्सी ही मोजकी सार्वजनिक संपत्ती आहे, आणि डोंगरमाथ्यावरून ती शंभर किलोमीटरच्या टापूत अडवून ठेवणे ही उधळपट्टी पैशांच्या हिशेबात दिसत नाही एवढेच.

याहून महत्त्वाची गोष्ट संदेशात मुळीच नाही: वायरलेस दुतर्फा असते. टॉवर ५० वॅटने बोलतो आणि शिपायाच्या हातातला सेट साधारण ५ वॅटने. टेट्रा या डिजिटल वायरलेस पद्धतीच्या हँडसेटची शक्ती तर एक-दोन वॅटच असते. त्यात सेट कमरेला लावलेला, अँटेना आखूड, आणि शरीरच अर्धी लहर गिळून टाकणारे. त्यामुळे अशी परिस्थिती नेहमी येते की शिपायाला नियंत्रण कक्षाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि त्याचा आवाज मात्र कक्षापर्यंत पोहोचतच नाही. आगीत सापडलेल्या जवानाने मदत मागितली आणि ती कोणी ऐकलीच नाही, तर टॉवर किती उंच होता याला काही अर्थ उरत नाही. यावरचा उपाय म्हणजे शहरात जागोजागी रिसीव्हर बसवणे, त्या सर्वांनी पकडलेला आवाज एका ठिकाणी आणणे आणि त्यातला सर्वांत स्वच्छ आवाज क्षणोक्षणी यंत्राने निवडणे. टॉवरांच्या अनेक जागा लागतात त्या बोलण्यासाठी जितक्या, तितक्याच ऐकण्यासाठी. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे.

आता ‘एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक टॉवर अशक्य’ या दाव्याकडे वळू. या पद्धतीला सायमलकास्ट म्हणतात. ती अनेक दशके वापरात आहे आणि अमेरिकेतल्या कित्येक शहरांची पोलीस व अग्निशमन यंत्रणा आज तिच्यावर चालते. लहरी एकमेकींना बाधा आणतात हे संदेशातले विधान खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत रस्त्याच्या दोन टोकांना लावलेल्या कर्ण्यांतून एकच घोषणा येते, तेव्हा एका कर्ण्याजवळ ती स्पष्ट ऐकू येते आणि मधल्या पट्ट्यात, जिथे दोन्ही आवाज सारखेच मोठे पण मागेपुढे पोहोचतात, तिथे शब्द घोळतात. सायमलकास्टची सगळी कारागिरी या मधल्या पट्ट्याची आहे.

रेडिओची लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे एका किलोमीटरला सव्वातीन मायक्रोसेकंदांहून थोडे जास्त लागतात. प्रोजेक्ट २५ या वायरलेसच्या डिजिटल मानकाच्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४,८०० चिन्हे, म्हणजे आवाजाच्या माहितीचे लहान तुकडे, पाठवली जातात. प्रत्येक चिन्हात दोन बिटे असतात आणि एक चिन्ह सुमारे २०८ मायक्रोसेकंद टिकते. दोन टॉवरांकडून आलेल्या सारख्याच जोराच्या लहरींत काही थोड्या मायक्रोसेकंदांचा फरक असला, तर सेट तो पचवतो. फरक चिन्हाच्या मोठ्या हिश्श्याएवढा झाला की एक चिन्ह पुढच्या चिन्हावर चढते आणि आवाज तुटतो. एक लहर दुसरीपेक्षा पुरेशी जोरकस असेल, तर मात्र सेट तिलाच धरतो आणि उशिरा आलेली कमकुवत लहर फारसा त्रास देत नाही. म्हणून प्रत्येक टॉवरवर जीपीएसच्या घड्याळाला बांधलेला आंदोलक (लहरीचा ठेका धरणारा भाग) असतो, जो फ्रिक्वेन्सीही सारखी ठेवतो आणि पाठवण्याचा क्षणही. मायक्रोसेकंदाच्या अंशापर्यंत वेळ जुळवणे हे आज नित्याचे काम आहे. त्यानंतर अभियंते काही टॉवरांना मुद्दाम थोडा उशीर देतात, कुठे सर्व दिशांच्या अँटेनाऐवजी एका दिशेची बसवतात, कुठे शक्ती कमी करतात. शक्ती कमी केल्याने यंत्रणा सुधारू शकते, हे संदेश लिहिणाऱ्याला पटणार नाही. पण वस्तुस्थिती तशीच आहे.

पावागडाचेच उदाहरण येथे लावून पाहावे. समजा शहरात चार टॉवर आहेत आणि त्यांच्याच फ्रिक्वेन्सीवर डोंगरावरचाही एक जोडला. डोंगराची लहर शहरात सुमारे १३० मायक्रोसेकंदांनी पोहोचते, म्हणजे एका चिन्हाच्या निम्म्याहून जास्त वेळाने. जिथे एखाद्या उंच इमारतीने जवळचा टॉवर झाकला आहे आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून डोंगर मात्र थेट दिसतो, तिथे दोन्ही लहरी सारख्या जोराच्या होतात आणि पूर्ण रेंज दिसत असताना शब्द फुटतात. शहरातल्या टॉवरांना तेवढाच उशीर दिला, तर शहर सुधारते, पण बिघाडाचा पट्टा डोंगराकडे, हालोलच्या वाटेवर सरकतो. तो कोठे सरकवला तर कमीत कमी नुकसान होईल हे ठरवणे हेच या विद्येचे काम आहे, आणि पट्टा शेतांवर किंवा ओसाड जागेवर नेणे शक्य असेल तर तिथेच न्यावा.

यातच ‘सगळ्या काड्या, तरी आवाज फाटतो’ या तक्रारीचे उत्तर आहे. काड्या फक्त जोर मोजतात. दोन लहरी मागेपुढे आल्या आहेत की नाही हे त्या सांगत नाहीत. शिवाय दोन टॉवरांच्या लहरी सारख्या जोराच्या असतील, तर जागोजागी त्या एकमेकींना खोडतात. विरुद्ध दिशांनी येणाऱ्या १६० मेगाहर्ट्झच्या लहरींत अशा दोन खड्ड्यांमधले अंतर मीटरच्या आतच असते. सेट घेऊन उभ्या शिपायाने एक पाऊल बाजूला टाकले आणि आवाज परत आला, हा अनुभव त्यामुळेच येतो. निकृष्ट सेटही असतात, आणि सायमलकास्टसाठी न बनवलेला सेट अशा पट्ट्यात जास्त अडखळतो हेही खरे; पण सेट बदलून आराखड्यातला दोष जात नाही.

टॉवरांच्या बाजूने बोलणारेही एक चूक करतात. टॉवर वाढले की एका वेळी जास्त लोक बोलू शकतील, असे ते सांगतात. सायमलकास्टमध्ये तसे होत नाही. प्रत्येक संभाषण सगळ्याच टॉवरांवरून जाते, त्यामुळे संभाषणांसाठी सहा चॅनेल असतील तर टॉवर तीन असोत की नऊ, एका वेळी सहाच संभाषणे होतील. मिळते ते व्याप्ती आणि सोय: मांजलपूरहून कारेलीबागेत गेलेल्या गाडीला चॅनेल बदलावे लागत नाही, आणि मोजक्या फ्रिक्वेन्सींत सगळे शहर सांभाळता येते. टेट्रासारख्या जाळ्यांत सहसा उलट मार्ग धरतात. तिथे शेजारच्या टॉवरांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी देतात. पण टॉवर अनेक लागतात हे दोन्हींकडे सारखेच.

किरणोत्साराविषयी थोडक्यात. या ट्रान्समीटरांची शक्ती दहा ते शंभर वॅटांच्या घरात असते, आकाशवाणीच्या एफएम केंद्रांसारखी किलोवॅटांत नसते, आणि या फ्रिक्वेन्सीच्या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढत नाहीत. अनेक टॉवर असले की उलट प्रत्येकाला कमी शक्ती पुरते, आणि सेटलाही.

राहिला मोबाइल. नवरात्रात गरब्याच्या मोठ्या मैदानावर हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवू लागतात तेव्हा साधा फोन लागत नाही, हे बडोदेकराला सांगायला नको. बंदोबस्तावरच्या शिपायाला नेमके त्याच वेळी बोलायचे असते. वायरलेसवर एक बटण दाबले की क्षणार्धात सगळा गट ऐकतो, आणीबाणीच्या बटणाला इतर संभाषणांवर प्राधान्य असते आणि टॉवर बंद पडला तरी जवळचे दोन सेट थेट एकमेकांशी बोलू शकतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भूजचा दूरध्वनी संपर्क तुटला, तेव्हा हॅम रेडिओवाल्यांनी, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांनी, संदेशवहन केले होते. २०१९ च्या जुलैअखेरीस बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या पुढे गेली. अशा वेळी वीज जाते, आणि मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्याच असतात.

मोबाइलच्या तंत्रावर सुरक्षा दलांचे काम चालतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. दक्षिण कोरियाने २०१४ च्या सेवोल जहाज दुर्घटनेनंतर एलटीई या ४जी मोबाइल तंत्रावर आपत्ती दलांचे स्वतंत्र जाळे उभारले आणि २०२१ मध्ये ते देशभर चालू केले. पण ते त्या दलांसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सीवरचे जाळे आहे, तुमच्याआमच्या खिशातल्या सिमकार्डाचे नव्हे, आणि त्यालाही टॉवर भरपूर लागतात. ब्रिटनने आपले टेट्रा जाळे काढून मोबाइल तंत्रावर जाण्याचा प्रकल्प २०१५ मध्ये हाती घेतला. तो २०२० पर्यंत पुरा व्हायचा होता, पण मुदत वारंवार पुढे गेली आणि जुने जाळे चालू ठेवावे लागले.

पैसा खरोखर वाया जाऊ शकतो तो टॉवरांच्या संख्येत नव्हे, तर यंत्रणा ताब्यात घेताना केलेल्या कच्च्या चाचणीत. गाडीच्या टपावर अँटेना लावून मुख्य रस्त्यांवरून फिरले, तर जवळजवळ कोणतीही यंत्रणा उत्तीर्ण होते. शहराचे लहान चौकोन पाडून, कमरेला सेट लावलेल्या माणसाने मांडवीच्या पोळांत (अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांत), रुग्णालयांच्या तळमजल्यावर आणि तळघरांतल्या वाहनतळांत पायी जाऊन दोन्ही दिशांचा आवाज तपासावा, टॉवरांवरच्या बॅटऱ्या विजेशिवाय किती तास चालतात हे प्रत्यक्ष वीज तोडून पाहावे, आणि उपकरणांची खोली २०२४ च्या पूरपातळीच्या वर आहे की नाही ते मोजावे. खर्चाबद्दल ज्यांना कळकळ आहे, त्यांनी या चाचणीचा अहवाल मागावा.