पंख्याजवळची हवा आणि फेसवरची हवा: 'जुना ओव्हरमन' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

नाव लिहिलं नाहीत, पण सावनेरकडच्या खदानीत ओव्हरमन म्हणून, म्हणजे पाळीवर देखरेख करण्यात, तीस वर्षं काढली म्हणता, म्हणून काका म्हणतो. भूमिगत खाणींच्या वायुवीजनावरच्या ऑनलाइन परिषदेबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही रागावलात. कूलरपुढे बसून स्क्रीनवर रंगीत नकाशे बघणाऱ्यांनी फेसवरच्या, म्हणजे कोळसा तोडतात त्या जागेवरच्या, माणसाला हवा शिकवू नये, हवा आहे की नाही ते अंगाला कळतं, आकडे साहेबांसाठी असतात, असं तुमचं म्हणणं. शिवाय 'पंख्याजवळ भरपूर, फेसवर ठणठणाट, हे तुमच्या परिषदेत कोणी बोललं का?' असं विचारलंत.

हा शेवटचा प्रश्न मला लागला. परिषदेत त्यावर बोलणं झालं होतं, माझ्या लेखात मात्र एक ओळ नाही. चूक माझी.

२०१७ च्या कोळसा खाण नियमांप्रमाणे खाणीच्या प्रत्येक भागात सगळ्यात मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या उत्पादनातल्या दर टनामागे २.५ घनमीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढी हवा लागते. ती मोजायची कुठे, हेही नियमातच आहे: त्या भागातल्या सगळ्यात आतल्या, शेवटच्या जोडरस्त्याला. पंख्याच्या तोंडाशी नाही. म्हणजे तुमचा मुद्दा नियमानेच मान्य केलाय. वाटेत स्टॉपिंगच्या (हवा अडवायला बांधलेल्या भिंतीच्या) विटांमधून, उघड्या राहिलेल्या दारांतून, एअर क्रॉसिंगच्या (हवेचा एक रस्ता दुसऱ्यावरून नेणाऱ्या पुलाच्या) फटींतून हवा इनटेकमधून (ताजी हवा आत नेणाऱ्या रस्त्यातून) थेट रिटर्नमध्ये (वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या रस्त्यात) पळते आणि फेसपर्यंत उरतं ते उरतं. अशा वेळी मोठा पंखा बसवा, ही मागणी हमखास होते. पण त्याच रस्त्यांतून दुप्पट हवा न्यायची तर दाब चौपट लागतो आणि वीज आठपट. त्यात दाब वाढला की फटींमधली गळतीही वाढते. आधी स्टॉपिंगला गिलावा, मग पंख्याची गोष्ट. परिषदेतले ते रंगीत नकाशे याच कामाचे होते: कुठल्या रस्त्यात किती हवा असायला हवी आणि प्रत्यक्षात किती आहे, यातला फरक दिसला की गळती शोधायची जागा कळते. अर्थात आत कोणी अनेमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) घेऊन फिरलेलं असेल तरच. मापं घरी बसून भरली असतील तर तो नकाशा खोटा, हे मला शंभर टक्के मान्य.

पण 'अंगाला कळतं' हे मी अर्धंच मानतो.

उकाडा अंगाला कळतो, नक्की. नागपूरकराला ते सांगायला नको. मे महिन्यात कूलर गार करतो आणि जुलैत तोच कूलर चिकचिक करतो, कारण पावसाळ्यात हवेतच ओलावा असतो आणि घाम वाळत नाही. शिवाय समोरची खिडकी बंद असेल तर मे महिन्यातही कूलर कामाचा नाही. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवी. खदानीत हेच इनटेक आणि रिटर्न. म्हणूनच नियम नुसतं तापमान न बघता वेट बल्ब (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, ज्यात हवेतला ओलावाही कळतो) बघतो: ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ३०.५ ओलांडलं की हवेला सेकंदाला किमान १ मीटर वेग हवा.

वायूचं तसं नाही, काका. मिथेनला वास नाही, कार्बन मोनॉक्साइडलाही नाही. मिथेन ५ ते १५ टक्क्यांत स्फोटक होतो, आणि भागाच्या रिटर्नमध्ये ०.७५ टक्के ही त्याची मर्यादा. यातलं काय अंगाला कळणार? जानेवारी १९९४ मध्ये पश्चिम बंगालच्या न्यू केंदा खाणीत आग लागली आणि ५५ कामगार गुदमरून गेले. त्यांच्यातही तुमच्यासारखे अनुभवी असतीलच. अनुभव कमी पडला म्हणून ते गेले नाहीत. नाकाला न कळणारा वायू होता. हा आकडा आठवला की आकडे साहेबांसाठी असतात, हे वाक्य मला सहन होत नाही.

राहिली स्क्रीनची गोष्ट. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉइल, भारतीय खाण ब्यूरो, तिन्हींची मुख्यालयं आपल्या नागपुरात. तरी बाहेर परिषद असली की तिकीट कोणाचं निघतं, ते तुम्हाला माहीत आहे. या वेळी माझ्या घरी बैठकीत डिप्लोमाची चार पोरं आणि एक मायनिंग सरदार (खाणीत कामगारांवर देखरेख करणारा) रात्री एकपर्यंत बसले. सरदारांनी विचारलं, की ब्रॅटिसचं कापड (हवा फेसकडे वळवायला लावतात तो पडदा) फेसपासून मागे राहिलं तर तुमच्या मॉडेलमध्ये ते दिसतं का. वक्त्याने सरळ सांगितलं, आम्ही टाकलं तरच दिसतं. मग पंधरा मिनिटं बोलणं त्यावरच झालं. समोर खाण नव्हती, हवा नव्हती, ही उणीव होतीच. पण हा प्रश्न विचारणारा माणूस विमानाच्या तिकिटावर कधी तिथे पोचला नसता.

स्टॉपिंग गळतंय हे तुम्ही अनेमोमीटरशिवाय कसं ओळखायचात? कापडाची चिंधी धरून, धूळ उडवून, की आवाजावरून? सविस्तर लिहा. गळतीवरचा लेख मला लिहायचाच आहे, तो तुमच्या उत्तरापासून सुरू करतो.